दहा मेगाहर्ट्झचा डबा : प्रकल्प नोंदी

२ जून २०२४, रविवार

टेबलावरच्या प्रत्येक उपकरणाचं म्हणणं वेगळं. सिग्नल जनरेटरला १० मेगाहर्ट्झ द्यायला सांगितलं. जुन्या बाजारातून आणलेला, वारंवारता मोजणारा आठ आकडी काउंटर म्हणतो ९९,९९,९६२ हर्ट्झ, म्हणजे ३८ हर्ट्झ कमी. ऑसिलोस्कोप म्हणतो १०.००, पण त्याच्या चार आकड्यांत ३८ हर्ट्झ दिसणारच नाहीत. जनरेटरच्या माहितीपत्रकावर एक पीपीएम (दहा लाखात एक) लिहिलंय, म्हणजे दहा हर्ट्झपर्यंत तो चुकू शकतो. ३८ नाही. काउंटर खोटा असावा. पण 'असावा' हे काही माप नव्हे.

रात्री साडेआठनंतर एचएफ (शॉर्टवेव्ह) सेटवर चीनचं बीपीएम हे अचूक वेळ देणारं केंद्र लागलं, १० मेगाहर्ट्झवर. टिकटिक खणखणीत. (एकेकाळी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचं एटीए हे केंद्र ५, १० आणि १५ मेगाहर्ट्झवर हेच काम करायचं. आता ते बंद आहे.) सेट यूएसबी (अप्पर साइडबँड) मोडमध्ये ९.९९९ वर ठेवला, म्हणजे कॅरियरचा, केंद्राच्या मूळ लहरीचा, सूर बरोबर १००० हर्ट्झ ऐकू यायला हवा. फोनवरच्या स्पेक्ट्रम ॲपमध्ये १००६. फोनचं स्वतःचं घड्याळ थोडं चुकलं तरी इथे बिघडत नाही, कारण चूक हजार हर्ट्झवर लागते, दहा दशलक्षांवर नाही. तर सेट ०.६ पीपीएम मागे. पण आकाशातून उड्या मारत येणाऱ्या लहरीत आयनोस्फिअर वरखाली झाला की दहा दशलक्षात एक एवढा फरक सहज पडतो. सेटची चूक काढायला हे पुरतं, टेबलाचा आधार म्हणून नाही.

ठरलं. टेबलाला एक १० मेगाहर्ट्झ हवा, ज्याच्यापुढे बाकीच्यांनी गप्प बसावं.

९ जून, रविवार

रुबिडियमचं अणुघड्याळ की ओव्हनमधला, कायम तापवून ठेवलेला क्रिस्टल, यावर आठवडाभर डोकं खाल्लं. जुन्या रुबिडियममध्ये दिवा असतो, तो थकलेला असू शकतो आणि विकणाऱ्याला ते माहीत नसतं. शिवाय तापतो भरपूर. आणि रुबिडियम आणला तरी तो कशाशी तरी जुळवावा लागतोच. म्हणून ओव्हनमधला क्रिस्टल, म्हणजे ओसीएक्सओ, घ्यायचा आणि त्याला जीपीएसच्या धाकात ठेवायचं.

सकाळी जुना बाजार. टेलिकॉमचे बोर्ड किलोवर विकायला होते, सोनं काढणारे घेतात म्हणे. एका बोर्डावर काडेपेटीपेक्षा थोडा मोठा, चकचकीत पत्र्याचा डबा. वर १०.००० आणि १२ व्होल्ट.

"मामा, बोर्ड नको, एवढा डबा काढून द्या."

"डबा काढल्यावर बोर्डाला कोण विचारणार, साहेब? घ्यायचा तर आख्खा घ्या."

आख्खा घेतला. साडेसहाशे रुपये. येताना पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून, तपकीर गल्लीतून, बीएनसी कनेक्टर आणि पातळ कोॲक्स केबल. आरजी-१७४ मागितली. आधी टीव्हीची ७५ ओहमवाली पुढे केली गेली, मग ५० ची निघाली.

१५ जून, शनिवार

डबा काढायला दोन तास. बोर्डाच्या ग्राउंडचं तांबं एवढं जाड की सोल्डरिंग आयर्नची उष्णता सगळी तेच पिऊन टाकतं. शेवटी खालून हीट गनने सगळा बोर्ड तापवून घेतला, मग पंपाने पाचही पिना मोकळ्या केल्या. बोर्डाचे ट्रॅक आधीच शोधून ठेवले होते. पिना अशा : १२ व्होल्ट, ग्राउंड, आउटपुट, ट्यूनिंग, आणि पाचवीवर आतलाच संदर्भ व्होल्टेज.

चालू केल्यावर ६०० मिलिॲम्पिअर. चार मिनिटांनी करंट उतरायला लागला आणि २३० वर स्थिरावला. आतली भट्टी तापली. हात लावला तर डबा कोमट दुधाएवढा. आउटपुटला सुबक साइन.

ट्यूनिंग पिनवर व्होल्टेज बदलून काउंटरवर फरक पाहिला. काउंटर खोटा असला तरी फरक सांगायला चालतो. दर व्होल्टला १.६ हर्ट्झ. हा आकडा भिंतीवर चिकटवलाय.

२२ जून, शनिवार

आज एक आळशी विचार. निओ-एम८एन या जीपीएस मॉड्यूलची टाइमपल्स पिन एक हर्ट्झपासून १० मेगाहर्ट्झपर्यंत हवी तशी लावता येते. मग ओव्हन कशाला? सरळ १० मेगाहर्ट्झ तिथूनच घ्यावा!

लावला. काउंटरने सुंदर स्थिर आकडा दाखवला. मग स्कोप जोडला. पहिल्या कडेवर ट्रिगर केलं, तर पुढची कड एका जागी नाही, दोन जागी. दोन पुसट उभ्या रेषा, मधलं अंतर साधारण २१ नॅनोसेकंद. कारण साधं आहे : मॉड्यूलच्या आत घड्याळ ४८ मेगाहर्ट्झचं, आणि ४८ ला १० ने पूर्ण भाग जात नाही. मग ते बिचारं कधी पाच ठोके मोजतं (१०४ नॅनोसेकंद), कधी चार (८३), आणि सरासरी १०० ची जमवतं. ८ मेगाहर्ट्झ मागितला तर भाग पूर्ण जातो, तिथे रेषा एकच दिसली. पण ८ घेऊन मी काय करू?

सरासरी बरोबर आणि प्रत्येक ठोका चूक. ओव्हन लागणारच.

३० जून, रविवार

अँटेना. बाल्कनीच्या ग्रिलमधून अर्धंच आकाश दिसतं. सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारून गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर लावली. या छोट्या चौकोनी अँटेनेला खाली धातूचा पत्रा लागतो. स्वयंपाकघरातलं एक स्टीलचं ताट उचललं. घरात विचारलं नाही. चांगल्या स्टीलला चुंबक चिकटत नाही, त्यामुळे अँटेनेचं चुंबक निरुपयोगी ठरलं. दुहेरी टेप लावली, ताट पालथं घातलं म्हणजे पाणी साचणार नाही.

मॉड्यूलला 'स्थिर' मोडमध्ये टाकलं, म्हणजे ते स्वतः हलतंय असं समजून गोंधळणार नाही. क्षितिजापासून पंधरा अंशांच्या खालचे उपग्रह वगळले, कारण ते शेजारच्या इमारतीवर आपटून येतात. केबलमध्ये दर मीटरला पाच नॅनोसेकंद उशीर होतो, पण तो रोज तेवढाच. मला वेळ नको आहे, वारंवारता हवी आहे, सबब केबल किती का लांब असेना.

गच्चीवर बसून उपग्रह मोजताना एक गोष्ट आठवली, जी मला दर वेळी नव्याने आवडते. २०,२०० किलोमीटर उंचीवर गुरुत्व कमी म्हणून घड्याळ पुढे जातं, वेगामुळे मागे पडतं, आणि दोन्ही मिळून दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे. म्हणून जीपीएसच्या घड्याळांची मूळ वारंवारता जमिनीवरच १०.२३ ऐवजी १०.२२९९९९९९५४३ मेगाहर्ट्झ ठेवतात. वर गेल्यावर इथून ती १०.२३ दिसते. आइन्स्टाइनचं देणं आधीच वळतं करून घेतलेलं.

(आपल्या 'नाविक' या उपग्रह यंत्रणेवरही रुबिडियमची घड्याळं आहेत, आणि २९ मे २०२३ ला गेलेल्या एनव्हीएस-०१ वर भारतात बनवलेलं आहे. पण माझ्या मॉड्यूलला नाविक ऐकू येत नाही.)

७ जुलै, रविवार

मोजणीचा प्रोग्रॅम. एसटीएम३२एफ४११ या मायक्रोकंट्रोलरचा बत्तीस बिटी टायमर ओसीएक्सओचे ठोके मोजतो. जीपीएसचा दर सेकंदाचा पल्स आला की त्या क्षणीचा आकडा टिपतो. साइनला चौकोनी करायला ७४एसी०४ या इन्व्हर्टर चिपचा एक गेट.

एका सेकंदात एक कोटी ठोके, एक ठोका इकडे किंवा तिकडे, म्हणजे कोटीत एक एवढंच कळणार. हजार सेकंद मोजलं तर हजार कोटीत एक. यात हुशारी काही नाही, फक्त थांबायचं.

दुपारभर मात्र आकडा दर सात मिनिटांनी वेड्यासारखा उडी मारत होता. अँटेना, केबल, गेट, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. बत्तीस बिटांत मावतात सुमारे ४२९ कोटी. ४२९ सेकंद म्हणजे सात मिनिटं नऊ सेकंद. टायमर भरून शून्यावर येत होता. दर सेकंदाची वजाबाकी वेगळी करून बेरीज करत गेलो आणि प्रश्न मिटला. वायरीवर संशय घेण्यात तीन तास गेले, चूक माझ्या दोन ओळींत होती.

१४ जुलै, रविवार

साखळी जोडली. प्रोग्रॅम चूक मोजतो, सोळा बिटी पीडब्ल्यूएम (पल्सची रुंदी कमीजास्त करून व्होल्टेज ठरवणं) बदलतो, ते आरसी फिल्टरमधून ट्यूनिंग पिनला जातं. ३.३ व्होल्टचे ६५,५३६ भाग, म्हणजे एक पायरी ५० मायक्रोव्होल्ट. भिंतीवरच्या १.६ हर्ट्झशी गुणलं तर एका पायरीला ०.०८ मिलिहर्ट्झ, १० मेगाहर्ट्झवर ८ × १०⁻¹². कागदावर तरी ऐट आहे.

२० जुलै, शनिवार

काहीतरी चुकतंय. रात्रभर बरं चालतं. सकाळी मी खोलीत येऊन बसलो की हजार सेकंदांत तीन ठोके कमी : ९,९९,९९,९९,९९७. उठून गेलो की अर्ध्या तासाने पुन्हा बरोबर. जणू मला बघून बिथरतंय.

दुपारी लक्षात आलं. मी आल्यावर पंखा लावतो.

वारा लागून ओव्हन गार होत असणार. थर्मोकोलचा डबा करून त्यात बसवला. पुन्हा पंखा लावला. तीनाचे दोन झाले, शून्य नाही. थर्मोकोल दुप्पट केला. दोनच.

२५ जुलै, गुरुवार

रात्रभर पाऊस. पहाटे खडकवासल्यातून पाणी सोडलं, एकतानगरीत शिरलंय. वीज नाही. मित्राच्या आईवडिलांना वरच्या मजल्यावर हलवायला गेलो. आज काम नाही.

२८ जुलै, रविवार

सापडलं.

साखळी तोडली, पीडब्ल्यूएमचा आकडा गोठवला, थर्मोकोल काढला आणि मल्टिमीटर मिलिव्होल्टवर ठेवून एक टोक कंट्रोलरच्या ग्राउंडला, दुसरं ओसीएक्सओच्या ग्राउंड पिनला लावलं. दोन्ही 'ग्राउंड', म्हणजे शून्य यायला हवं. आलं ११.६ मिलिव्होल्ट. पंखा लावला. आकडा सरकत सरकत १३.५.

ब्रेडबोर्डच्या दिवसांतली वीस सेंटिमीटरची बारीक जंपर तशीच राहून गेली होती. तिचा रोध, टोकांच्या सांध्यांसकट, ०.०५ ओहम. भट्टीचा २३० मिलिॲम्पिअर करंट तिच्यातूनच परत जात होता. पंखा लावला की भट्टीला जास्त जळावं लागतं, करंट २७० वर जातो, ग्राउंड दोन मिलिव्होल्टने वर उचलला जातो, आणि ट्यूनिंगचं व्होल्टेज ओसीएक्सओच्या दृष्टीने तेवढंच कमी होतं. दोन मिलिव्होल्ट गुणिले १.६ म्हणजे ३.२ मिलिहर्ट्झ. हजार सेकंदांत तीन ठोके! वारा ओव्हनला फसवत नव्हता, वायर मला फसवत होती. थर्मोकोलने करंटमधला फरक थोडा कमी केला, म्हणून तीनाचे दोन.

उपाय : भट्टीचा परतीचा रस्ता जाड वायरीने पिनवरून थेट सप्लायला. कंट्रोलरचा ग्राउंड वेगळ्या वायरीने त्याच पिनला. पंखा पाचवर ठेवला. हजार सेकंद. १०,००,००,००,०००.

पुन्हा हजार. तेच. थर्मोकोल तरीही परत घातला, असू दे.

४ ऑगस्ट, रविवार

सगळं जागेवर असूनही आउटपुट विनासाखळीच्या ओव्हनपेक्षा वाईट का दिसतंय? मी प्रोग्रॅमला दर शंभर सेकंदांनी दुरुस्ती करायला सांगितलंय म्हणून. जीपीएसचा पल्स सेकंदागणिक तीसेक नॅनोसेकंद इकडेतिकडे होतच असतो. तो त्याचा स्वभाव आहे. ओव्हनमधला क्रिस्टल त्या शंभर सेकंदांत कुठेही जात नाही. म्हणजे शहाण्याला वेड्याच्या तालावर नाचवत होतो. उलट दिवसभराचा हिशेब केला तर क्रिस्टल हळूहळू भरकटतो आणि जीपीएस ठाम असतो. कासरा सारखा ओढत राहिलं तर बैल सरळ चालत नाही, सोडूनच दिला तर शेजारच्या रानात जातो.

किती वेळाने ओढायचा, एवढाच खरं तर हा सगळा प्रकल्प. बाकी सोल्डरिंग.

शंभर, तीनशे, हजार, तीन हजार, प्रत्येकी एक दिवसरात्र चालवून पाहणार. आठवडाभर बॉक्सला हात लावायचा नाही. हे लिहून ठेवतोय, कारण मी लावतो.

१५ ऑगस्ट, गुरुवार

हजार सेकंद. तीन हजारला दुपारच्या उकाड्यात मागे पडतो, तीनशेला थरथरतो.

सुट्टी होती म्हणून वाटपाचा बोर्ड उरकला. प्रत्येक आउटपुटला ७४एसी०४ चे तीन गेट समांतर, प्रत्येकाला १५० ओहम, म्हणजे मिळून पन्नासच्या आसपास. पुढे एलसी फिल्टर, मग बीएनसी. चार आउटपुट. पहिल्याच जोडणीत जनरेटरच्या सिग्नलच्या दोन्ही बाजूंना ५० हर्ट्झच्या फांद्या फुटल्या. दोन उपकरणांचं अर्थिंग केबलच्या जाळीतून जोडलं जाऊन वर्तुळ पूर्ण होत होतं. फेराइटच्या कड्यावर वायरीची जोडी पिळून छोटा ट्रान्सफॉर्मर केला, प्रत्येक आउटपुटला एक. फांद्या गेल्या.

यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ ॲम्पिअर-तासाची बॅटरीही जोडली. दर गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, आणि भट्टी एकदा गार झाली की तिला पूर्वपदावर यायला दिवस लागतो.

१ सप्टेंबर, रविवार

काउंटरच्या पाठीला बाह्य संदर्भाचा बीएनसी आहे, तिथे डबा जोडला. जनरेटर : ९९,९९,९९६. म्हणजे जनरेटर ०.४ पीपीएम कमी, त्याच्या शब्दाला जागणारा. काउंटरचा स्वतःचा क्रिस्टल ३.४ पीपीएम पुढे, म्हणून तो सगळ्यांनाच मागे ठरवत होता. मग डब्यातून एक वायर नुसती एचएफ सेटच्या अँटेनेजवळ ठेवली. सूर १००६. जूनमध्ये बीपीएमने सांगितलं होतं तेच. हे पाहून जितका आनंद झाला तितका त्या हजार कोटींनीही झाला नव्हता.

दिवसभराची नोंद बघितली : ८६,४०० कोटी ठोक्यांत एकाचीही चूक नाही. पण हा आकडा कुणाला सांगणार नाही. ज्या जीपीएसने डबा चालतो, त्याच जीपीएसने तो मोजलाय. स्वतः काढलेला पेपर स्वतःच तपासून पैकीच्या पैकी दिल्यासारखं. दुसरा परीक्षक हवा.

१४ सप्टेंबर, शनिवार

मित्राने रुबिडियम उसना दिलाय, "दिवा जपून वापर" एवढंच सांगून. सहा तास तापवला. स्कोपवर वर डबा, खाली रुबिडियम. खालची लहर वरच्याच्या मानाने हळूच सरकते, एक पूर्ण लहर (१०० नॅनोसेकंद) सरकायला पन्नास मिनिटं. म्हणजे दोघांत ३.३ × १०⁻¹¹ चा फरक.

दोघांत चुकीचा कोण? इतक्यावरून सांगता येत नाही. पण रुबिडियमची चूक एका दिवसात बदलत नाही, म्हणून त्याच्यामुळे येणारी रेषा सरळ असते. सरळ रेषेभोवती जी वळवळ दिसेल ती माझी. दर मिनिटाला आकडा टिपणारा प्रोग्रॅम लावून झोपलो.

१५ सप्टेंबर, रविवार

वळवळ अधिक-उणे १५ नॅनोसेकंद. खूश आहे. फक्त रात्री आठ ते अकराच्या मध्ये रेषेला एक पोक आलंय, वीस-पंचवीस नॅनोसेकंदांचं. तेव्हा पंखा चालू होता. पंख्यावर आता माझा संशय कायमचा बसलाय.

२२ सप्टेंबर, रविवार

पंखा निर्दोष. आठवडाभर रोज त्याच वेळी पोक, पंखा असो वा नसो. एकदा वीज गेली होती तेव्हाही.

हे वरून येतंय. चुंबकीय विषुववृत्त आपल्या दक्षिणेला, तमिळनाडूच्या टोकाजवळून जातं. तिथला आयनोस्फिअर दिवसभर वर उचलला जातो आणि दोन्ही बाजूंना ओघळतो, त्या ओघळात महाराष्ट्र येतो. सूर्यास्तानंतर त्यात बुडबुडे उठतात, आणि विषुवदिनाच्या आसपास, म्हणजे मार्चच्या नि सप्टेंबरच्या सुमाराला, जास्त. त्यात सूर्य सध्या चांगलाच खवळलेला आहे, मे महिन्यात लडाखमध्ये हान्लेहून लाल ध्रुवीय प्रकाश दिसला होता. एकच वारंवारता ऐकणाऱ्या माझ्या मॉड्यूलला हा उशीर मोजता येत नाही, उपग्रह जो ठोकळ अंदाज पाठवतो त्यावर भागवावं लागतं. दोन वारंवारतांचं मॉड्यूल घेतलं तर सुटेल.

दर फेब्रुवारीत विज्ञान दिनाला नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण बघायला जातो. ४५ मीटरच्या तीस अँटेना, पंचवीसेक किलोमीटरवर पसरलेल्या, सगळ्या एकाच संदर्भावर चालवायच्या. इतकी वर्षं मी त्या तबकड्यांचे फोटो काढत आलो. पुढच्या वेळी हा एकच प्रश्न विचारणार : तुम्ही संध्याकाळी आठला काय करता?

तोवर प्रोग्रॅममध्ये एक ओळ : रात्री आठ ते अकरा जीपीएसचं फार मनावर घ्यायचं नाही, वेळस्थिरांक, म्हणजे कासरा ओढण्यातलं अंतर, तीन हजार सेकंद. पोक निम्मं झालं. रुबिडियम परत केला.

२० ऑक्टोबर, रविवार

दिवाळीची साफसफाई. डब्याला कुणी हात लावला नाही, दारावर पाटीच लावली होती. पण डबे, पराती, ताटं मोजताना एक ताट कमी भरलं. चकल्या घालायला तेच मोठं लागतं म्हणे. चार महिने पाण्याच्या टाकीवर पालथं आहे हे सांगावं लागलं.

अँटेना उतरवली. टेपचा डिंक रॉकेलने पुसला, ताट घासून दिलं. जागी तुपाच्या डब्याचा पत्रा, पंधरा सेंटिमीटर चौरस. याला चुंबक चिकटलं. अँटेना काढल्यापासून परत लावेपर्यंत चाळीस मिनिटं डबा एकट्याच्या जिवावर चालला. नोंदीत फरक : दोन ठोके.